कुत्र्याचा स्वभाव आणि गावाचा इतिहास

आपल्या साहित्यशास्त्राने 'स्वभावोक्ती' नावाचा एक अलंकार मानला आहे. एखादा प्राणी, बालक वा सृष्टीतील एखादी वस्तू जशी आहे तशी, तिच्या जातीला साजेशा हालचालींसह वर्णिली की स्वभावोक्ती साधते, असे आपण वर्गात शिकवतो. एक प्रश्न मात्र तेथे सहसा विचारला जात नाही. ज्याला आपण स्वभाव म्हणतो, तो मुळात आला कोठून? हरणाच्या बाबतीत निसर्गाकडे बोट दाखवून मोकळे होता येते. कुत्र्याच्या बाबतीत तसे होता येत नाही. कुत्रा हा माणसाच्या संगतीत आणि बव्हंशी माणसाच्या कामासाठी घडलेला प्राणी आहे. त्याच्या स्वभावाचे वर्णन करणे म्हणजे नकळत माणसाच्या श्रमाचा इतिहास सांगणे होय. हा मुद्दा आम्ही दोन कुत्र्यांच्या आधारे मांडू इच्छितो. एक इंग्लंडातील टेरियर. दुसरा जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवरचा आपला गावठी कुत्रा.

जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांच्या नकला प्रसिद्ध करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याचे नाव येते. हाच साइक्स मुंबई सरकारच्या वतीने सांख्यिकी गोळा करीत दख्खनभर हिंडला, आणि १८३१ साली त्याने दख्खनमधील सस्तन प्राण्यांची एक यादी लंडनला सादर केली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला तोही याच वर्षी. मराठी मुलखातील शब्दांची आणि जनावरांची मोजदाद एकाच वेळी चालली होती, हा केवळ योगायोग नव्हे. रानकुत्र्याला, म्हणजे आपल्या कोळसुंद्याला, साइक्सने या यादीत दख्खनच्या नावाने शास्त्रीय नाव दिले. आम्हांला मात्र पाळीव कुत्र्यांविषयीच्या त्याच्या चार ओळी अधिक मोलाच्या वाटतात.

साइक्सने पाळीव कुत्र्याचे काही प्रकार सांगितले आहेत. पहिला बंजाऱ्यांचा कुत्रा: लांब पायांचा, इराणी शिकारी कुत्र्यासारखा, आजच्या कारवानी कुत्र्याचा नातेवाईक वाटावा असा. दुसरा गावोगाव आढळणारा कुत्रा, ज्याला तो 'पारिया' म्हणतो. हे कुत्रे संख्येने पुष्कळ आहेत, कोणा एकाच्या मालकीचे नाहीत आणि त्यांना कोणी उपद्रव देत नाही, अशी त्याची नोंद आहे. याच कुत्र्यांत लांब पाठीचा, आखूड वाकड्या पायांचाही एक प्रकार दिसतो, असे तो म्हणतो; त्याला त्याने 'टर्नस्पिट' हे इंग्रजी स्वयंपाकघरातील कुत्र्याचे नाव दिले. पांढऱ्या रेशमी केसांचा एक लहानखुरा कुत्राही होता, आणि त्याला मशाली व कंदील तोंडात धरून चालायला शिकवीत. म्हणजे कुत्र्याला शिकवण्याची विद्या येथे परकी नव्हती. तरीही या यादीत टेरियर नाही. का नाही, हे समजण्यासाठी टेरियर म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे.

'टेरियर' हा शब्द भूमीवाचक लॅटिन 'टेरा'पासून आला. सोळाव्या शतकात जॉन कायस या इंग्रज वैद्याने ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक पुस्तिका लिहिली. १५७६ साली तिचे इंग्रजी भाषांतर झाले. त्यात कुत्र्यांची वर्गवारी रूपावरून नव्हे तर मुख्यतः कामावरून केली आहे, आणि कोल्ह्याच्या वा बिज्जूच्या बिळात शिरणारा तो टेरियर, अशी त्याची ओळख आहे. हे काम ध्यानात घेतले की त्याचा सारा 'स्वभाव' उलगडतो. बिळाच्या अंधारात धनी नसतो. पुढे जायचे की थांबायचे हे कुत्र्यालाच ठरवावे लागते. त्यालाच आपण घरात हट्टीपणा म्हणतो. कुत्रा जमिनीखाली कोठे आहे हे वर खणणाऱ्यांना कळावे म्हणून त्याने सतत भुंकले पाहिजे. तो आपल्याला कटकट्या वाटतो. माती उकरणे, हलणाऱ्या लहान प्राण्यावर झेप घेणे, आपल्याहून मोठ्या जनावरापुढे माघार न घेणे, तासन्‌तास न थकणे, हे सारे त्या एका कामाचे अवयव आहेत. जॉन रसेल या पाद्र्याने १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना एका गवळ्याकडून 'ट्रंप' नावाची कुत्री विकत घेतली. तिच्यापासून पुढे त्याने जी पैदास केली ती कोल्ह्याच्या शिकारीसाठी. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लबची स्थापना झाली आणि प्रदर्शनांच्या युगात कुत्र्याचे मोल हळूहळू कामापेक्षा रूपावर ठरू लागले. काम सुटले, पण कामासाठी जोपासलेली ऊर्जा कुत्र्याच्या अंगात तशीच राहिली.

दख्खनमध्ये हे कामच निराळ्या रीतीने विभागले गेले होते. कणगीतल्या उंदरांसाठी मांजर होते. शेतातली उंदरांची बिळे खणण्याचे कसब कातकऱ्यांसारख्या जमातींच्या हातांत होते. बिळातला उंदीर आणि त्याने साठवलेले धान्य हे त्यांच्या पोटाचे साधन होते. उघड्या माळावरच्या शिकारीला जमिनीत शिरणारा कुत्रा नको होता, धावणारा हवा होता. टेरियरचे काम येथे माणूस करीत असे, म्हणून टेरियर घडला नाही. तो आला छावण्यांबरोबर, साहेबांच्या सोबतीला. नाना जातींच्या कुत्र्यांचा सरमिसळ ताफा घेऊन साहेब लोक शिकारीला निघत, त्याला ते 'बॉबरी पॅक' म्हणत. यातला 'बॉबरी' हा शब्द आपल्या 'बाप रे'वरून आला, असे 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध कोश सांगतो. परक्या कुत्र्यांच्या गोंधळाला नाव मिळाले ते आपल्या उद्गाराचे!

मग येथल्या कुत्र्याचे काम कोणते? जुन्नर-आंबेगावच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यातून धनगरांचे वाडे सुगीनंतर फिरत येतात. रिकाम्या रानात मेंढ्या बसतात आणि रात्री वाड्याभोवती कुत्रे जागतात. या कुत्र्याने मेंढीच्या मागे धावायचे नाही, तिच्याजवळ बसायचे. अनोळखी चाहूल लागली की मात्र भुंकायचे. ही शिकवण हुकमाने येत नाही, सहवासाने येते. पिल्लू मेंढरांतच वाढते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, पिल्लाच्या वयाचा साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा त्याचे सोबती ठरण्याचा काळ असल्याचे दाखवून दिले. धनगरांना हे ग्रंथाविना ठाऊक होते. त्याच प्रयोगांत फॉक्स टेरियरची पिल्ले एकत्र ठेवली की एकाला लक्ष्य करून त्याच्यावर तुटून पडत, असेही आढळले.

म्हणून टेरियरचे शिक्षण निराळे असावे लागते. त्याला दटावून गप्प करणे म्हणजे त्याच्या पूर्वजांनी केलेल्या कामाबद्दल त्याला शिक्षा देणे होय. जाणते शिक्षक त्याला उकरण्यासाठी अंगणाचा एक कोपरा देतात, वासाने शोधण्याचे खेळ देतात, थोड्या वेळाचे पण वारंवार पाठ घेतात, जमले की लगेच खाऊ देतात. वास लागला की त्याला हाक ऐकू येत नाही, म्हणून लांब दोरीवर 'ये' हा एकच शब्द महिनोन्‌महिने घोटून घेतात. थोडक्यात, स्वभाव मोडण्याऐवजी त्याला काम देतात. मात्र जात म्हणजे विधिलिखित नव्हे. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांवर कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागणुकीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्केच भाग त्याच्या जातीने उलगडतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. उरलेल्यात वय, संगोपन, सोबत आणि त्या त्या कुत्र्याचे वेगळेपण येते. जातीवरून स्वभाव ठरवण्याची सवय किती तकलादू आहे, हे आपल्या समाजाला कुत्र्यांकडूनही शिकता येईल.

आपल्या संस्कृतीने या प्राण्याला दूर ठेवले आणि जवळही केले. दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्री म्हणजे चार वेद. माहुलीच्या संगमावर छत्रपती शाहूंच्या 'खंड्या' कुत्र्याची समाधी. जुन्नर तालुक्यातील धामणखेलपासून जेजुरीपर्यंत खंडोबाच्या ठाण्यांवर कुत्रा हा देवाचा सोबती असतो. नवस फेडणारा वाघ्या काही ठिकाणी कुत्र्यासारखा भुंकतो आणि कोटंब्यातले अन्न तोंडाने खातो. डॉ. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोनथायमर या अभ्यासकांनी खंडोबाचे नाते धनगरांच्या व शिकारी जमातींच्या जगाशी जोडून दाखवले आहे. नाव वाघाचे आणि वागणे कुत्र्याचे, हा वाघ्याच्या ठायीचा विरोधाभास आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. घरच्या कुत्र्यालाही आपण 'वाघ्या' म्हणूनच हाक मारतो. ज्याच्यापासून राखण करायची त्याचेच नाव राखणदाराला दिले जाते.

जुन्नर-आंबेगावात हे नाव आज नुसते रूपक उरलेले नाही. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही धरणे झाली, कालवे आले, ऊस उभा राहिला आणि उसात बिबट्या राहू लागला. येथले लोक त्याला वाघच म्हणतात. शेजारच्या अकोले तालुक्यातील बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. बिबट्याच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा असल्याचे त्यात आढळले. शेळ्या-मेंढ्यांहून कितीतरी अधिक! जो भुंकून वस्ती जागी करतो, तोच आपला ठावठिकाणा बिबट्याला कळवतो. कुत्र्याचा गुण तोच राहिला; भोवतालचे रान बदलले आणि तो गुण घातक ठरला. २०२५च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड भागात माणसे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात असल्याच्या बातम्या आल्या. राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात शोभणारा पट्टा माणसाच्या गळ्यात आला, याहून या बदलाचे बोलके चित्र दुसरे कोणते?

आता पुन्हा साइक्सच्या नोंदीकडे वळू. 'कोणा एकाच्या मालकीचे नाहीत' हे त्याचे निरीक्षण अचूक होते, पण त्याला त्याने दिलेले नाव अन्यायाचे होते. 'पारिया' हा शब्द तमिळ प्रदेशातील एका दलित जातीच्या नावावरून इंग्रजीत आला; माणसांवरचा बहिष्कार कुत्र्यावर लादला गेला. मराठीचा शब्द होता 'गावठी', म्हणजे गावाचा. त्यात मालकी नसली तरी नाते होते. भाकरीचा तुकडा आणि रात्रीची राखण यांचा तो अलिखित करार होता. पुढे 'भटका' आणि 'मोकाट' हे शब्द रुळले. २००१च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तो रस्त्यावरचा कुत्रा झाला आणि २०२३च्या नियमांनी त्याला 'समुदाय प्राणी' म्हटले. कायदा दोन दशकांनी जेथे पोहोचला, तेथे 'गावठी' हा शब्द आधीच उभा होता.

साइक्सला आठवलेला इंग्लंडातील टर्नस्पिट कुत्रा स्वयंपाकघरात चाकात धावून मांस भाजण्याचा गज फिरवीत असे. यंत्र आले, काम गेले आणि एकोणिसाव्या शतकात ती जातच नाहीशी झाली. टेरियर तगला, कारण त्याला दिवाणखान्यात जागा मिळाली. गावठी कुत्र्याला ना चाक आहे ना दिवाणखाना. त्याला आहे ते फक्त गाव. त्या गावाने त्याचे काम विसरून त्याला भटका ठरवले, तर त्याचा उपद्रव तेवढा उरेल आणि आपण त्यालाच त्याचा स्वभाव म्हणू. स्वभावोक्ती शिकवताना एवढे भान ठेवले तरी पुष्कळ झाले.