झाडाला दात काढा

या, मांडी घालून बसा. पाट मिळायचा नाही, लव्हाळ्याची चटई आहे. पहिल्यांदा ठसका लागेल. शेजारी कुणीतरी मातीच्या तव्यावर मिरच्या भाजतंय. पाठोपाठ चुन्याच्या निवळीत शिजलेल्या मक्याचा वास. भिंतीपलीकडे अझ्टेकांच्या त्लातेलोल्कोचा बाजार नुसता घोंघावतोय, स्पॅनिश येण्याआधीच्या मेक्सिकोत. टर्कींचा कलकलाट, ओझेवाल्यांचे धक्के, घाम.

समोर अमात्ल, म्हणजे उंबराच्या कुळातल्या झाडाची साल कुटून केलेला कागद. बोटांना खरखरीत लागतो. त्लाकुइलो, इथला म्हातारा चित्र-लेखक, काजळीत बुडवलेला कुंचला तुमच्या हाती देतो. "लिही पोरा, चापुल्तेपेक."

अक्षरं आठवू नका. तेपेत्ल म्हणजे डोंगर. घंटेसारखा काढा, हिरवा भरा. चापोलिन म्हणजे नाकतोडा. तो वर बसवा. झालं गाव!

"आता कुआउतितलान." कुआउइत्ल म्हणजे झाड, ते जमतं. पण 'तितलान' म्हणजे 'पाशी', आणि 'पाशी' काढणार कसं? म्हातारा आपल्या तोंडात बोट घालून दाखवतो. त्लान्त्ली, दात! उच्चार जवळचा, मग भागलं. खोडावर माणसाचे दात काढा, लाल हिरड्यांसकट. हसू नका. नागपूर लिहायला फणा काढलेला नाग काढून खाली नदीला पूर आणलात, तर तुम्हीही हेच केलंत.

लगेच कुआउनाउआक. अर्थ पुन्हा तोच, झाडांजवळ. मात्र शेपूट 'नाउआक', आणि नाउआत्ल म्हणजे स्पष्ट, कानाला गोड बोलणं. तेव्हा या झाडाला तोंड काढा आणि ओठांपुढे बोलण्याची निळी वेटोळी. एक झाड दात दाखवतं, एक बोलतं. गावांची गफलत होत नाही. (हेच बोलकं झाड पुढे स्पॅनिश जिभेवर कुएर्नावाका झालं. स्पॅनिश कानाला ते गायीच्या शिंगासारखं वाटतं! झाड गेलं, बोलणंही गेलं.)

ऊन अंगणात चढलंय, मान अवघडलीय. शेवटचं नाव तोल्लान्त्सिंको, धाकटं तोल्लान. तोल्लान म्हणजे लव्हाळ्यांची जागा, म्हणून वर लव्हाळी काढलीत. 'त्सिंको' म्हणजे धाकटं, आणि त्सिंतली? म्हातारा गंभीरपणे स्वतःच्या ढुंगणावर थाप मारतो. काढा. कमरेखालचा उघडा माणूस.

तुमचा हात हसण्यानं थरथरतो, मांडीपाशी शाईचा ठिपका पडतो. दारात कपाळाला ओझ्याचा पट्टा बांधलेला एक हमाल उभा आहे. तो वाकून बघतो, लव्हाळ्यांवर बोट टेकवतो, मग ढुंगणावर, आणि आपल्या गावाचं नाव मोठ्यानं वाचतो. अगदी साध्या चेहऱ्यानं.