शिकारीचा पोशाख आणि ठाणे-कल्याणचे रान

१/ शिकारी म्हटला की डोळ्यांसमोर ठरलेले चित्र येते : खाकी सदरा, सोला टोपी, पोटऱ्यांना घट्ट गुंडाळलेल्या पट्ट्या. हा वेश विलायतेतून तयार होऊन आला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यातील बरेच काही याच भूमीने शिकवले. हा धागा त्या पोशाखाचा आणि ठाणे-कल्याणच्या रानाचा.

२/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. कल्याणहून पुढे एक फाटा थळ घाटाकडे, दुसरा बोरघाटाकडे गेला. मुंबईच्या बंदूकधारी साहेबाला शहापूर-मुरबाडकडचे रान आता पूर्वीपेक्षा फारच जवळ आले.

३/ हे रान पानझडीचे. साग, ऐन, खैर, पळस. पावसाळ्यात गवत इतके माजते की दहा पावलांवरचे जनावर दिसत नाही. म्हणून शिकारीचा खरा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंतचा. त्या काळात पाने गळतात, गवत वाळते, पाणवठे आटतात आणि सारा मुलूख मातकट-पिवळा होतो.

४/ अशा रानात कापडाची परीक्षा कठोर असते. खैराचे वाकडे काटे कापड ओढून धरतात. करवंदीच्या जाळ्या हातपाय ओरबाडतात. कुसळे विणीतून थेट कातडीपर्यंत जातात. खाजकुयलीची लव अंगाला लागली की माणूस स्वस्थ बसू शकत नाही. इथे जाड लोकर उष्णतेने जीव घेते आणि तलम मलमल तासाभरात फाटते. टिकते ते घट्ट विणीचे, मजबूत सुती कापड.

५/ रंगाचा प्रश्न वेगळाच. पांढरा रंग उन्हाला चांगला, पण वाळल्या रानात दुरूनही डोळ्यांत भरणारा. याचे उत्तर लष्कराकडून आले. १८४६ च्या अखेरीस हॅरी लम्सडेन याने पेशावर येथे ‘गाइड्स’ पथक उभारले आणि त्या पथकाला मातकट रंगाचे कपडे दिले. फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यावरून खाकी.

६/ १८५७ च्या युद्धात अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे गणवेश चहा, चिखल, शाई, जे हाती लागेल त्यात बुडवून रंगवले. लष्कराची ही गरज पुढे शिकाऱ्यांचीही सवय झाली.

७/ मात्र रंगाविषयीचा त्या काळचा अंदाज अर्धाच खरा होता. हरणांना लाल आणि हिरवा यांतील भेद फारसा कळत नाही. निळसर छटा मात्र स्पष्ट दिसतात. म्हणूनच माणसाला भडक वाटणारा वाघाचा केशरी रंग त्यांच्या नजरेत झाडोऱ्यात मिसळून जातो. जनावर सावध होते ते मुख्यतः हालचालीने, आवाजाने आणि वासाने. मचाणावर तासन् तास बसणाऱ्याला खाकीइतकेच महत्त्वाचे होते न सळसळणारे कापड.

८/ पायांचे काय? हिमालयाच्या पट्ट्यात डोंगरी लोक पोटऱ्यांना कापडाची लांब पट्टी गुंडाळत. काटे, खडे यांपासून बचाव आणि चालताना आधार, असा तिचा दुहेरी उपयोग. ही ‘पट्टी’ लष्कराने उचलली आणि इंग्रजी भाषेनेही. सोला टोपीतील ‘सोला’ तर दलदलीत वाढणाऱ्या वनस्पतीचा हलका, बुरशासारखा गाभा.

९/ चुकाही झाल्या. उन्हाचे किरण पाठीच्या कण्यातून शिरतात, या समजुतीने साहेब भर उन्हाळ्यात पाठीवर जाड गादी शिवून घेत. पोटाला थंडी लागून पटकी होते, म्हणून फ्लॅनेलचा पट्टा बांधत. हिवताप डासांमुळे पसरतो, याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये मिळाला. तेव्हा कुठे संध्याकाळच्या लांब बाह्यांचे खरे मोल कळले.

१०/ आता त्याच रानातला दुसरा पोशाख. कातकरी, ठाकर, वारली यांच्या अंगावर लंगोटी, कमरेला कोयता, थंडीला घोंगडी, पावसाला इरले. काट्यात अडकायला काही नाही, सळसळायला काही नाही. जनावराचा माग काढणारा बहुधा हाच माणूस असे. परंतु या वेशाला केवळ शहाणपण म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यात दारिद्र्यही होते.

११/ हा भेद हाक्यात उघडा पडे. साहेब मचाणावर, जाड कापडात. हाकारे जमिनीवर, उघड्या अंगाने, ढोल-डबे वाजवत त्याच झाडीतून पुढे सरकत. वाघ जखमी होऊन उलटला, तर पहिला घाव त्यांच्यावर पडे. सुरक्षित पोशाख होता तो सर्वांत सुरक्षित जागी बसलेल्याच्या अंगावर.

१२/ १८७८ मध्ये वन कायदा आला आणि शस्त्र कायदाही. ज्यांचे पोट रानावर होते, त्यांच्याच वाटा अडल्या. परवाना असलेल्याची शिकार चालू राहिली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक तक्रारींसाठी सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले.

१३/ स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्यप्राणी संरक्षणाचा कायदा केला. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने हौशी शिकारीचे युग संपवले. ठाण्याच्या उशाला असलेल्या येऊरच्या रानात आज वाघ नाही, बिबट्या आहे.

१४/ त्या वाटेवर पहाटे निघणारे पक्षीनिरीक्षक आजही मातकट सदरा, पूर्ण बाह्या आणि न वाजणारे बूट निवडतात. हातातील बंदूक जाऊन दुर्बीण आली, पण रानाचा नियम बदलला नाही. खाकी दिसली की लम्सडेन जरूर आठवावा. त्याच्याआधी आठवावा तो हाकारा, ज्याच्या अंगावर तीही नव्हती.