हॅल, आयबीएम आणि "हे कुठून घेतलंस?"



पीएचडीच्या कोर्सवर्कमधला माझा पहिला सेमिनार. विषय वाटून दिलेला होता: संगणकाला बोलतं कसं करतात. सुरुवात जरा रंजक व्हावी म्हणून पहिल्याच स्लाइडवर मी '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातला हॅल ९००० हा संगणक टाकला आणि ऐटीत सांगितलं, "एच, ए, एल. आता प्रत्येकाच्या पुढचं अक्षर घ्या. आय, बी, एम! दिग्दर्शकाने आयबीएम कंपनीला मारलेला हा छुपा टोमणा आहे." वर्ग हसला. मागच्या बाकावरून एका सरांनी शांतपणे विचारलं, "हे कुठून घेतलंस?"

मी म्हणाले, "सर, हे सगळ्यांना माहीत आहे."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर फीडबॅकचा कागद हातात आला तेव्हा त्या स्लाइडसमोर एकच शब्द होता: "स्रोत?"

तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येणार आहे. म्हणून आज याच एका चित्रपटातले तीन 'छुपे संदर्भ' तपासून बघू. एक खरा आहे, एक बहुधा खोटा आहे आणि एक शक्यच नाही. गंमत म्हणजे पहिल्यांदा ऐकताना तिन्ही सारखेच पटतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. चित्रपट १९६८ चा. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक, आणि पटकथा त्याने व विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांनी मिळून लिहिलेली. गुरूकडे निघालेल्या यानावरचा हॅल हा संगणक बिथरतो आणि चार अंतराळवीरांचे जीव घेतो. वाचलेला एकटा डेव्ह बोमन हॅलच्या स्मृतीचे भाग एकेक करून काढत जातो. हॅलचा आवाज जड होत जातो आणि शेवटी तो एक गाणं म्हणतो: 'डेझी बेल'.

पहिला दावा: हॅल म्हणजे आयबीएम. साम्य तर डोळ्यांसमोर आहे. पण क्लार्क यांनी १९७२ च्या 'द लॉस्ट वर्ल्ड्स ऑफ २००१' या पुस्तकात हे साफ नाकारलं. नाव 'ह्युरिस्टिक' आणि 'अल्गोरिदमिक' या दोन शब्दांवरून आलं आणि अक्षरांचा योगायोग आधी लक्षात आला असता तर आम्ही नावच बदललं असतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे '२०१०: ओडिसी टू' या कादंबरीत त्यांनी हॅलचे निर्माते डॉ. चंद्रा या पात्राच्या तोंडूनही हाच खुलासा करवला.

इथे तुम्ही म्हणाल, लेखक नाकारणारच! बरोबर आहे. चित्रपटानंतर चार वर्षांनी दिलेला खुलासा हा पुरावा म्हणून तसा कच्चाच. मग त्या काळातला कागद शोधायचा. तसा एक आहे. ऑगस्ट १९६६ मध्ये, म्हणजे चित्रपट तयार होत असताना, कुब्रिकने आपले सहकारी रॉजर कॅरस यांना पत्र लिहून विचारलं होतं की आपल्या कथेत संगणक वेडा होतो हे आयबीएमला माहीत आहे का? कंपनीला फसवल्यासारखं वाटू नये, ही त्याची काळजी होती. कंपनीची मदत घेतली जात होती आणि तिचं बोधचिन्ह चित्रपटात दिसतंही. आता विचार करा: खाजगी पत्रात कंपनीच्या मनाची एवढी फिकीर करणारा माणूस तिलाच नावातून टोमणा मारेल का? याने योगायोग शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण पारडं क्लार्क यांच्या बाजूने झुकतं. शिवाय सुरुवातीच्या एका मसुद्यात या संगणकाचं नाव 'अथेना' होतं. म्हणजे नाव टोमण्यासाठी पहिल्यापासून ठरवून ठेवलेलं नव्हतं.

दुसरा दावा: 'डेझी बेल' हे गाणं मुद्दाम निवडलंय. मुळात हे गाणं १८९२ चं, हॅरी डेक्रेने लिहिलेलं, दोघांच्या सायकलवर बसवून प्रेयसीला नेण्याचं. भविष्यातला संगणक मरताना हेच का गातो? कारण खरोखरच्या संगणकाने गायलेलं हे पहिल्या गाण्यांपैकी एक. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन केली आणि कॅरोल लॉकबॉम यांनी संगणकाकडून ते गाऊन घेतलं आणि साथसंगत मॅक्स मॅथ्यूज यांनी प्रोग्रॅम केली. त्याच संस्थेत जॉन पिअर्स हे क्लार्क यांचे मित्र काम करत. ('ट्रान्झिस्टर' हा शब्द सुचवणारे तेच.) त्यांना भेटायला गेलेल्या क्लार्क यांनी हे गाणं तिथे ऐकलं. इथे नुसतं साम्य नाही. गाणं प्रयोगशाळेतून पटकथेपर्यंत कोणत्या वाटेने आलं, तेही आपल्याला दाखवता येतं.

पण खऱ्या गोष्टीतही एक खडा असतो. माझ्या स्लाइडवर मी लिहिलं होतं: '१९६१, आयबीएम ७०९४'. ही जोडी इंटरनेटवर पावलोपावली सापडते. मात्र ७०९४ हे मॉडेल पहिल्यांदा बसवलं गेलं १९६२ मध्ये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत! आणि १९६२ च्या 'म्युझिक फ्रॉम मॅथेमॅटिक्स' या तबकडीच्या नावातच, जिच्यात हे गाणं आहे, आयबीएम ७०९० चा उल्लेख आहे. हे तपासायला मला दहा मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत, कारण पाच ठिकाणी तेच लिहिलेलं दिसलं. त्या पाचांनी एकमेकांचंच उतरवून घेतलेलं असू शकतं, हे डोक्यातच आलं नाही.

तिसरा दावा माझा मीच रचला होता. फ्रेंच डबिंगमध्ये हॅलचं नाव 'कार्ल' झालं आणि तो 'डेझी बेल'ऐवजी 'ओ क्लेर द ला ल्यून' हे फ्रेंच लोकगीत गातो. आता माणसाच्या आवाजाचं ओळखू येण्याजोगं सर्वात जुनं रेकॉर्डिंग कोणतं? १८६० साली एदुआर-लेओं स्कॉत द मार्तेंव्हिल यांनी काजळी लावलेल्या कागदावर उमटवलेलं, आणि गाणं तेच! हे कळल्यावर मी खुर्चीतून उठलेच. काय सुंदर संदर्भ! पण त्या काजळीच्या रेषांमधून आवाज पहिल्यांदा काढला गेला २००८ मध्ये. १९६८ च्या सुमाराला डबिंग करणाऱ्याने तो ऐकलेला असणं शक्य नाही. फ्रान्समधल्या पोराटोरांना येणारं सोपं गाणं म्हणून दोन्हीकडे ते निवडलं गेलं असावं, एवढा साधा अर्थ पुरतो. माझा 'शोध' पाच मिनिटांत मेला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता हे सगळं तुम्हाला का सांगतेय? गेल्या वर्षी थिसिसच्या दुसऱ्या चॅप्टरमध्ये मी एक आकडा वापरला. तीन पेपरांमध्ये तो होता, म्हणून निर्धास्त होते. गाईडनी विचारलं, "मूळ पेपर पाहिलास?" शोधत गेले तर तिन्ही पेपर एकाच जुन्या रिव्ह्यूकडे बोट दाखवत होते आणि तो रिव्ह्यू एका त्याहून जुन्या पेपरकडे. त्या पेपरात आकडा होता, पण वेगळ्या तापमानाचा. दोन आठवड्यांची गणितं पुन्हा करावी लागली. व्हायव्हात हे उघडं पडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार अजूनही करवत नाही.

म्हणून माझी आताची सवय सांगते. कुठलाही दावा समोर आला की तीन गोष्टी विचारते. काळ जुळतो का? एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचण्याची वाट दाखवता येते का? आणि त्या वेळचा कागद आहे का? फ्रेंच गाणं पहिल्याच प्रश्नाला पडलं. हॅल-आयबीएम दुसऱ्याला अडखळलं आणि तिसऱ्याने उलट साक्ष दिली. 'डेझी' टिकलं, पण मशीनचा नंबर सुधारून घ्यावा लागला.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं तुम्हाला सर्वात पक्कं वाटणारं एक वाक्य आज निवडा आणि त्याचा माग मूळ पेपरापर्यंत काढा. एक संध्याकाळ जाईल. जाऊ द्या.