फलालीन : लोकरीची आणि सुती

बाळाचे झबले शिवण्यासाठी किंवा दुपट्याला आतून लावण्यासाठी म्हणून मऊ, लवदार कापड मागावे, तर फलालीन या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या जातींची कापडे पुढ्यात येतात. एक लोकरीचे, दुसरे सुताचे. डोळे मिटून हात फिरविला तर ओळखणे अनेकदा कठीण. पण प्रत्येकाचा एकेक धागा काढून पेटविला, की ओळख पटते. लोकरीचा धागा आक्रसतो, केस जळल्यासारखा वास येतो आणि ज्योत दूर नेताच तो बहुधा विझतो. सुताचा धागा कागदासारखा जळत जातो. इंग्लंडातील गरिबांच्या घरांत ही परीक्षा मुलांच्या अंगावर झाली.

लोकरीच्या फलालिनीची ख्याती वेल्समधली. एकोणिसाव्या शतकात तेथील न्यूटाउन हे गाव या धंद्याचे मोठे केंद्र होते, आणि प्राइस प्राइस-जोन्स हा तेथला व्यापारी टपालाने माल धाडून राणी व्हिक्टोरियापर्यंत गिऱ्हाईक मिळवून बसला होता. कापड उबदार खरे. पण महाग, आणि धुताना आटणारे.

त्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाचे फ्लॅनेलेट बाजारात आले. त्याचा बाणा सैल पिळाच्या सुताचा असतो. विणलेले कापड तारांचे बारीक दात असलेल्या रुळांवरून नेले, म्हणजे त्या सुतातले तंतू ओढले जाऊन पृष्ठभागावर लव उभी राहते. लवेत हवा अडकते, आणि ऊब असते ती त्या हवेची. परंतु सुटा, कोरडा कापूस आणि त्याच्याभोवती हवा, एवढे एकत्र आल्यावर आगीला आणखी काय हवे? शेगडीची एक ठिणगी पुरे. ज्वाला लवेवरून क्षणात वर धावते. लोकरीलाही लव असते. पण तिच्यातील नत्र आणि मुरलेला ओलावा यांमुळे ती सहजी पेट घेत नाही.

फ्लॅनेलेट स्वस्त असल्याने ते नेमके उघड्या शेगडीच्या घरांत गेले. मुले भाजून मरू लागली. 1908 च्या बालक-कायद्याने सात वर्षांखालील मुलाला उघड्या विस्तवापाशी बेफिकिरीने ठेवून त्याला इजा झाल्यास पालकाला दोषी ठरविले. कापड विकणाऱ्याला हात लावला नाही. 1910 साली फ्लॅनेलेटच्या धोक्यावर स्वतंत्र सरकारी अहवालही निघाला.

याच सुमारास मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री पर्किन (जांभळ्या कृत्रिम रंगाचा शोध लावणाऱ्या पर्किन यांचे चिरंजीव) या प्रश्नामागे लागले होते. तुरटीसारखे क्षार कापडाला तात्पुरते वाचवितात. पहिल्याच धुण्यात ते निघून जातात. पर्किन यांनी कापड सोडियम स्टॅनेटमध्ये भिजवून वाळविले, मग अमोनियम सल्फेटमधून काढले. कथिलाचा ऑक्साइड तंतूंतच बसला आणि साबणाच्या धुण्याला दाद देईना. 1912 साली न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी ही रीत मांडली. प्रक्रियेचा खर्च मात्र कापडावर चढला, आणि ज्यांना पैसे मोजवत नव्हते ते साधेच कापड घेत राहिले. 1913 चा कायदा तर एवढाच, की ‘न पेटणारे’ म्हणून विकलेले कापड खरोखर तसे असावे. पेटणारे विकण्यास आडकाठी नव्हती.

पुढे रेयॉनच्या लवदार स्वेटरांनी अमेरिकेत तेच केले. तेथे 1953 साली ज्वालाग्राही कापडांचा कायदा झाला. ब्रिटनमध्ये मुलांच्या रात्रीच्या झग्यांसाठी सक्तीचे नियम आले ते 1964 साली.