मस्समनचं कालवण

समुद्राकाठी जेवायला बसलं की माणूस लाटा बघतो. मी मात्र मेनूकार्ड वाचत बसलो होतो. थायलंडमधल्या फुकेत बेटावरची, पातोंगच्या किनाऱ्याजवळची ही गोष्ट. हॉटेलच्या दारातच बर्फावर मासळी मांडून ठेवलेली. आपण बोट दाखवायचं, ते वजन करणार आणि भाजून आणणार. बायकोचं लक्ष कोळंबीकडे होतं, माझं एका नावाकडे. ते नाव होतं 'मस्समन'.

मस्समन म्हणजे नारळाच्या दुधातलं दाटसर कालवण. त्यात बटाटे, शेंगदाणे आणि चिंचेचा कोळ. पण खरी गंमत मसाल्यात आहे. दालचिनी, वेलची, लवंग, जायफळ, जिरं असा आपल्या ओळखीचा सगळा गोतावळा त्यात सापडतो. एरवीच्या थाई कालवणात गवती चहा, गलांगल आणि ताज्या पानांचा वास पुढे असतो. इथे पुढे असतो कोरडा, भाजलेला मसाला. आणि 'मस्समन' हे 'मुसलमान' या शब्दाचंच बदललेलं रूप आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

मी हरखून तेच मागवायला निघालो. वाढणाऱ्या मुलीनं अदबीनं विचारलं, "चिकन, बीफ की पोर्क?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मुसलमानाच्या नावाचं कालवण, आणि ते डुकराच्या मांसाचं!

"अहो, आपली कोळंबीच बरी," बायको म्हणाली. आम्ही हसलो आणि कोळंबी खाल्ली. यात त्या मुलीचा काही दोष नव्हता. एक शब्द इतका लांबचा प्रवास करून आला होता की वाटेत त्याचा अर्थच गळून पडला होता. पण तो शब्द माझ्या डोक्यातून काही जाईना.

हा शब्द तिथे पोचला कसा? त्यासाठी अयुथ्थयाला जावं लागतं. १३५१ साली वसलेली आणि १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्यानं उद्ध्वस्त केलेली ही सयामची जुनी राजधानी. नदीकाठच्या या शहरात चिनी, जपानी, मलायी, पोर्तुगीज, डच, इराणी अशा सगळ्यांच्या वस्त्या होत्या. आपल्या दख्खनचाही या व्यापारात हात होता. गोवळकोंड्याच्या राज्यातल्या मछलीपट्टण बंदरातून जहाजं बंगालचा उपसागर ओलांडून तेनासरीमच्या किनाऱ्याला लागत आणि तिथून माल डोंगरवाटेनं अयुथ्थयाला जाई. सतराव्या शतकाच्या आरंभी इराणातल्या कोम शहरचा शेख अहमद नावाचा व्यापारी इथे आला, स्थिरावला आणि राजदरबारात मोठ्या पदावर चढला. पुढे त्याच्या वंशातल्या काहींनी बौद्ध धर्म स्वीकारला. एकोणिसाव्या शतकात सयामचा कारभार हाकणारं बुन्नाग घराणं ते हेच. अशा लोकांच्या मुदपाकखान्यांतून हा मसाला थाई नारळाच्या दुधात उतरला असावा.

पुढची हकीगत कवी म्हणून मला विशेष प्रिय आहे. १८०९ ते १८२४ या काळात सयामवर राज्य करणारा दुसरा राम हा राजा स्वतः कवी होता. प्रिय राणीच्या हातच्या पदार्थांवर त्यानं एक काव्य रचलं. त्या काव्यात पहिला मान मस्समनला आहे! बौद्ध राजा, थाई भाषा, आणि कौतुक कशाचं, तर मुसलमानी कालवणाचं.

तीच गोष्ट मिरचीची. मिरचीवाचून थाई जेवणाची कल्पना करता येत नाही. पण मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी त्यांचा वकील अयुथ्थयाच्या दरबारी पोचला. आपल्याकडे आणि सयामात मिरची आली ती अशी पोर्तुगिजांच्या मागोमाग. आपण मिरीवरून तिला मिरची म्हटलं. थाई लोकांनी तर मिरीचं नावच तिला देऊन टाकलं. आज तिथे नुसतं 'फ्रिक' म्हटलं की मिरची, आणि मिरीला म्हणतात 'फ्रिक थाई'. पाहुणी घरमालकीण झाली आणि घरच्या माणसाला आपल्या नावापुढे 'थाई' लावावं लागलं! मस्समनमधला बटाटाही 'मान फरांग', म्हणजे फिरंग्यांचा कंद. आणि सगळ्या जगात थायलंडची ओळख झालेला 'पद थाई' तरी काय? त्यातल्या शेवया चिनी. देशाचं सयाम हे नाव १९३९ मध्ये बदलून थायलंड करणाऱ्या फिबून सोंगख्राम यांच्या राजवटीत, राष्ट्रभावना जागवण्याच्या मोहिमेत त्याचा प्रसार झाला.

थायलंडात सगळं गुण्यागोविंदानं चाललंय, असं मी म्हणणार नाही. दक्षिण सीमेवरच्या, मलायी मुसलमानांच्या पट्टणी भागात २००४ पासून हजारो माणसं हिंसाचारात मेली आहेत. एका ताटात नांदणाऱ्या चवी बाहेर नांदतातच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फुकेतच्या जुन्या शहरात गेलो. कथलाच्या खाणींसाठी एकोणिसाव्या शतकात इथे चीनमधून हॉक्कियन लोक मोठ्या संख्येनं आले. त्यांच्या, मलायी मुसलमानांच्या आणि थाई लोकांच्या स्वयंपाकाची सरमिसळ म्हणजे आजचं फुकेतचं जेवण. त्यासाठी २०१५ मध्ये युनेस्कोनं या शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. थालांग रस्त्यावर मुसलमानांची रोटीची दुकानं आहेत. पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ मैद्याचा गोळा हवेत फिरवून पातळ करत होते. सलाम केला, त्यांनी जबाब दिला. त्यापलीकडे आमची एकही भाषा एक नव्हती. समोर गरम रोटी आली, सोबत वाटीत मस्समन. पहिल्या घासालाच कोकणातल्या सागोतीची आठवण झाली.

"कुठले?" असं त्यांनी खुणेनंच विचारलं. "इंडिया," मी म्हणालो. ते खूश झाले आणि तव्यावरच्या रोटीकडे बोट दाखवून म्हणाले, "इंडिया!" मग मी वाटीकडे बोट दाखवून विचारलं, "मुस्लिम?"

त्यांनी मान हलवली. "थाई," ते म्हणाले.

मित्रहो, त्या एका शब्दावर मी बराच वेळ विचार करत राहिलो. गेली तीस वर्षं मराठीत कविता लिहितो आहे. कार्यक्रम संपला की अजूनही कुणीतरी जवळ येऊन प्रेमानं म्हणतं, "मुसलमान असून तुमचं मराठी किती छान हो!" बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, म्हणून मीही हसून आभार मानतो. पण घरी परतताना दर वेळी वाटतं, मिरचीला कुणी कधी म्हणालंय का, "परदेशातून येऊन किती छान तिखट लागतेस गं!"