ओल्या क्लचच्या वाहनांचे इंजिन ऑइल

ज्या वाहनांत क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच तेलात बुडालेल्या असतात, त्यांच्यासाठी बनवलेले वंगण. गिअरच्या फोर-स्ट्रोक मोटरसायकली आणि पेट्रोल किंवा गॅसवर चालणाऱ्या बहुतेक ऑटोरिक्षा या गटात येतात. मोटार, जीप आणि बहुतांश ट्रॅक्टर यांचा मुख्य क्लच कोरडा असतो. इंजिनचे तेल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचले तर तो बिघाड समजतात.

शंभर-दीडशे सीसीच्या मोटरसायकलमध्ये जेमतेम लिटरभर तेल असते. पिस्टन व बेअरिंग यांना वंगण देणे, गिअरच्या दात्यांचा दाब सोसणे आणि क्लच थंड ठेवणे ही तिन्ही कामे त्याच तेलाला करावी लागतात. पहिल्या दोन कामांना घसरण हवी, तिसऱ्याला पकड. क्लचच्या पेटीत लाइनिंगच्या आणि पोलादी प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात व स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. मोटारीच्या अनेक तेलांत इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये, बहुधा मॉलिब्डेनमची संयुगे, मिसळलेली असतात. तशा तेलाने प्लेटांमधली पकड ढिली पडू शकते.

आपल्याकडे हा प्रश्न तसा अलीकडचा. राजदूत, येझदी, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांत इंजिनचे तेल पेट्रोलबरोबर जळून जाई. क्लच गिअरपेटीच्या वेगळ्या तेलात असे. जुनी बुलेट फोर-स्ट्रोक खरी, पण तिच्या इंजिनाचे, क्लचचे व गिअरपेटीचे कप्पे वेगवेगळे होते. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि एकाच चेंबरातल्या तेलावर सगळे चालवणारी गाडी गावोगाव पसरली.

जपानच्या वाहन-मानक संस्थेने, म्हणजे ‘जासो’ने, १९९८ मध्ये फोर-स्ट्रोक दुचाकींच्या तेलासाठी टी ९०३ हे मानक काढले. त्यात प्रत्यक्ष क्लच-प्लेटांवर तेलाची चाचणी होते : फिरत्या अवस्थेतले घर्षण, स्थिर अवस्थेतले घर्षण आणि प्लेटा थांबायला लागणारा वेळ. पकड टिकवणाऱ्या तेलाला ‘एमए’, कमी घर्षणाच्या तेलाला ‘एमबी’ अशी श्रेणी मिळते. २००६ च्या सुधारणेत ‘एमए’चे ‘एमए१’ व ‘एमए२’ असे पोटभेद झाले. यांत ‘एमए२’ची पकड अधिक. तेलातली राख १.२ टक्क्यांहून जास्त नको आणि फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के हवा, असेही हे मानक सांगते. फॉस्फरस झिजेपासून वाचवतो, मात्र धुराड्यातल्या उत्प्रेरकाला बाधतो, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे.

लातूर जिल्ह्यातल्या देवणीसारख्या ठिकाणी तेल घेताना चर्चा होते ती दाटपणाची. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जाड तेलच हवे, हा सर्वसाधारण समज. तो अर्धाच बरोबर आहे. ‘२०डब्ल्यू-५०’ यातला दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते दाखवतो, आणि तापलेल्या इंजिनातले तेल बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते. पहिला आकडा थंडीतल्या सुरुवातीचा. २०डब्ल्यू तेल उणे १५ अंशांपर्यंत इंजिन फिरवू देते. देवणीच्या हिवाळ्यात ०डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा : स्प्लेंडरच्या वर्गातल्या गाड्यांना १०डब्ल्यू-३०, पल्सरच्या अनेक मॉडेलांना २०डब्ल्यू-५०, तर रॉयल एनफिल्डच्या एकसंध इंजिनांना १५डब्ल्यू-५० सांगितलेले आहे. स्प्लेंडरमध्ये जाड तेल भरून आयुष्य वाढत नाही, ॲव्हरेज मात्र घटते. ‘एमए’ ही अक्षरे डब्याच्या मागे बारीक छापलेली असतात आणि ग्राहक ती क्वचितच वाचतो. या नोंदीच्या मते दाटपणाचा आकडा किंवा ‘सिंथेटिक’ हा शब्द पाहण्याआधी तीच शोधावीत.

शेतकरी घरात दुसरा प्रश्न येतो. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या १५डब्ल्यू-४० डिझेल तेलाचा डबा उघडा असतो, तेच मोटरसायकलमध्ये ओतले जाते. अशा बहुतेक तेलांत घर्षण घटवणारी द्रव्ये नसतात, त्यामुळे क्लच लगेच घसरत नाही आणि सवय पक्की होते. तरी जुन्या श्रेणींच्या डिझेल तेलात राख जास्त असते. काही डिझेल तेलांवर ‘एमए’ची नोंद असते, ती चालतात, नोंद नसेल तर ते ट्रॅक्टरलाच ठेवावे. मोटारीच्या तेलाबाबत सवलत नाही : ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ किंवा ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे लिहिलेले तेल ओल्या क्लचला वर्ज्य. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या तेल-श्रेणींत एसएन ही एसएलपेक्षा नवी आहे, पण नुसत्या त्या श्रेणीवरून क्लचची पकड कळत नाही.

बिनगिअरच्या स्कूटीत पट्ट्याची यंत्रणा व कोरडा क्लच असतो, म्हणून तिला ‘एमबी’ चालते. घरात दोन्ही गाड्या असतील तर ‘एमए’ स्कूटीत घातल्याने नुकसान नाही. ‘एमबी’ मोटरसायकलमध्ये घालू नये.

क्लच घसरू लागला की चढावर किंवा डबलसीट असताना इंजिनचा आवाज वाढतो, गाडी उचलत नाही. अशा वेळी मिस्त्री आधी क्लच केबलची ढील पाहतो, कारण केबल ताणलेली असली तरी हेच लक्षण दिसते. ढील बरोबर असून घसरण थांबत नसेल, तर तेल काढून ‘एमए२’ भरावे. चुकीचे तेल थोडेच दिवस राहिले असल्यास पकड बहुधा परत येते. प्लेटांवर चकाकी चढली किंवा लाइनिंग जळाले असेल तर नवा संच बसवण्यावाचून इलाज नसतो.