ओन्टोनॅगनच्या ताम्रशिळेची कुळकथा

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ३,७०८ पौंड वजनाची जी शिळा जतन केलेली आहे, ती पाषाणाची नसून जवळजवळ निखळ तांब्याची आहे. आणि मिशिगन प्रांतातील ओन्टोनॅगन नदीच्या पश्चिम फाट्यावरून ती तेथवर कशी आली, याचा वृत्तान्त भूशास्त्राइतकाच दिवाणी दाव्यांच्या इतिहासातही मोडतो.

सह्याद्रीचा घाट चढताना काळ्या कातळाचे एकावर एक रचलेले थर ज्याने निरखून पाहिले आहेत, त्याला सुपीरियर सरोवराच्या दक्षिणतीराची घडण मुळीच परकी वाटणार नाही. तेथेही लाव्ह्याचेच थर आहेत. मात्र आपल्या दख्खनचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, तर तेथील सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे. लाव्हा निवताना त्यात कोंडलेल्या वायूंमुळे ज्या पोकळ्या राहतात, त्यांत आपल्याकडे पुणे-नाशिककडील खाणींत झिओलाइटाचे शुभ्र स्फटिक सापडतात. तेथे भेगाभेगांतून फिरणाऱ्या उष्ण, क्षारयुक्त जलाने त्याच पोकळ्यांत तांबे आणून बसवले. तांबे बहुधा गंधकाशी संयोग पावलेले आढळते. परंतु या थरांत गंधक फारच अल्प असल्याने ते मुक्त धातुरूपातच राहिले. पुढे हिमयुगात प्रचंड हिमनद्यांनी हे थर खरवडले आणि त्यांतून उपटलेले ताम्रखंड मूळ स्थानापासून दूर नेऊन माती-गोट्यांच्या राशींत टाकले. ओन्टोनॅगनची शिळा त्यांपैकीच एक होय.

या मुलखातील मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून दगडी हातोड्यांनी तांबे काढीत, ते तापवून व ठोकून त्याचे भाले, सुऱ्या आणि मणी घडवीत. ओजिब्वे लोकांच्या मनात तर या शिळेविषयी देवतेइतका पूज्यभाव होता. सतराव्या शतकात फ्रेंच जेझुइट पाद्र्यांनी येथील तांब्याची वार्ता बाहेर नेली. १७६६ साली अलेक्झांडर हेन्री हा व्यापारी प्रत्यक्ष शिळेपाशी पोहोचला; धातू इतका शुद्ध आणि मऊ होता, की शंभर पौंडांचा तुकडा त्याने कुऱ्हाडीने तोडून घेतला. पुढे लंडनच्या भांडवलदारांच्या साह्याने त्याने खाणकाम आरंभिले. पण एवढी मोठी शिळा जेथे पडली आहे तेथेच तिची शीरही असणार, या समजुतीने त्याच्या माणसांनी हिवाळाभर नदीकाठची चिकणमाती खणली, आणि १७७२ च्या वसंतात बर्फ वितळताच दरड कोसळून सारा खटाटोप व्यर्थ गेला. ती शिळा तेथली नव्हतीच, हे कळण्यास हिमनद्यांचे शास्त्र जन्मावे लागणार होते.

१८४१ साली प्रांताचा भूशास्त्रज्ञ डग्लस हॉटन याने आपला अहवाल सादर केला. तांबे आहे, पण उतावळ्या सटोडियांचे त्यात नुकसानच होईल, असा इशारा देण्याइतकी सचोटी त्याच्यापाशी होती, म्हणून या सगळ्या मंडळींत मला तोच सर्वाधिक आदरणीय वाटतो. इशारा कोणी मनावर घेतला नाही. खाणवाल्यांची झुंबड उडाली, आणि १८४५ च्या ऑक्टोबरात हॉटन स्वतः त्याच सरोवराच्या वादळात बुडून मरण पावला.

हॉटनच्या अहवालाच्याच सुमारास डेट्रॉइटचा लोखंडी सामानाचा व्यापारी ज्युलियस एल्ड्रेड याने ओजिब्वे प्रमुखाशी १५० डॉलरांचा सौदा ठरवला. ४५ डॉलर इसार म्हणून रोख, बाकीचे मालाच्या रूपाने. १८४२ च्या ला पॉइंट येथील तहाने ओजिब्वेंचा हा मुलूख संयुक्त संस्थानांच्या सरकारकडे गेला. १८४३ साली एल्ड्रेड शिळा न्यायला आला, तेव्हा युद्धखात्याचा परवाना घेऊन दुसरीच मंडळी तेथे हजर होती, आणि १,३६५ डॉलर मोजून तीच वस्तू त्याला पुन्हा विकत घ्यावी लागली. एकवीस माणसांनी कप्प्या-दोरखंडांनी ती टेकडीवर चढवली, अरण्य तोडून वाट काढली, आणि मागचे रूळ उचलून पुढे टाकीत साडेचार मैल ओढत नेली. तरीही शेवटी युद्धखात्याने ती सरकारी मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली. डेट्रॉइटमध्ये तिकीट लावून तिचे प्रदर्शन मांडणाऱ्या एल्ड्रेडला काँग्रेसने १८४७ साली साडेपाच हजार डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर केली, आणि कालांतराने शिळा स्मिथसोनियनच्या हवाली झाली.

किवीनॉ बे येथील ओजिब्वे समाजाने १९९१ मध्ये ही शिळा परत मागितली, परंतु ती मागणी मान्य झाली नाही. एल्ड्रेडचे नुकसान भरून निघाले, परवानेवाल्यांना त्यांची रक्कम पोहोचली; आणि पिढ्यान्‌पिढ्या जिला पूज्य मानले, ती शिळा ज्यांच्या हातून गेली त्यांच्या वाट्याला १५० डॉलरांचा सौदा आला. हा व्यवहार न्यायाचा नव्हता, आणि ती शिळा त्या नदीकाठच्या लोकांकडे परत गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.